फी कोणी भरली?

(सायखेडा परिसरातल्या बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)

बारावीचे निकाल लागले की गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या वहीबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो. पोरगी पास झाली, मार्कही चांगले पडले, आता पुढं काय? नाशिकला घालायची म्हटलं तर फी आली, होस्टेल आलं, बसचा पास आला. कांद्याला भाव असेल तर हा प्रश्न लवकर सुटतो. भाव पडलेला असेल तर घरातलं कोणीतरी म्हणतं, "आधी पोराचं बघू. पोरीला काय, परक्या घरीच जायचंय." आणि विषय तिथंच संपतो.

आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे, पण तो लढायांचा नाही. आपल्या महाराष्ट्रात गरिबाघरची मुलं कॉलेजात गेली तेव्हा त्यांचे पैसे कोणी भरले, याचा हा इतिहास आहे. तो ऐकताना एक हिशोब मनात ठेवा. शिक्षणाचा खर्च एक नसतो, तीन असतात. पहिला फीचा. दुसरा राहण्या-जेवणाचा. तिसरा जाण्या-येण्याचा आणि वह्या-पुस्तकांचा. मदत मिळाली असं आपण म्हणतो तेव्हा ती या तिघांपैकी कशाला मिळाली, हे विचारायचं.

सुरुवात आपल्याच तालुक्यातून करू. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडला झाला. वडील सरकारी नोकरीत होते. पुढं ते कुटुंब कोल्हापूरला गेलं आणि मुलगा शिकायला मुंबईला गेला. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली, त्यात रानडे पास झाले. नंतरच्या शिक्षणात त्यांना 'दक्षिणा फेलो' म्हणून दरमहा ६० रुपये मिळत. त्या काळी ही रक्कम मोठी होती.

आता हे दक्षिणा नाव आलं कुठून? पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. त्यासाठी दूरदूरहून लोक येत. १८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्यातला काही पैसा १८२१ साली पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडं वळवला. पुढं सुधारणेच्या बाजूच्या लोकांनी अर्ज केला, की हा पैसा मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या. तेही झालं. शेवटी त्याच निधीतून कॉलेजात शिकणाऱ्या हुशार मुलांना वेतन मिळू लागलं. म्हणजे आज आपण जिला शिष्यवृत्ती म्हणतो, तिचं आपल्याकडचं एक मूळ श्रावणातल्या दक्षिणेत आहे. पैसा तोच होता. तो कोणाला द्यायचा यावर लोकांनी वाद घातला, अर्ज केले, आणि देण्याची रीत बदलत गेली.

पण ती बदलूनही पैसा कोणाच्या घरात गेला? ज्यांच्या घरात आधीपासून लिहिणं-वाचणं होतं, त्यांच्याच. हे बोट ठेवून दाखवलं जोतीराव फुल्यांनी. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी १८८२ साली सरकारच्या हंटर कमिशनपुढं एक निवेदन दिलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. सरकारची तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या साऱ्यावर आणि खर्च होते वरच्या थोड्या लोकांच्या उच्च शिक्षणावर, असं त्यांनी त्यात मांडलं. शिष्यवृत्तीची पद्धतही सदोष आहे, ज्यांना आधीच शिक्षणाची गोडी लागली आहे त्यांनाच ती मिळते, म्हणून ज्या लोकांत शिक्षण पोचलंच नाही त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचा वाटा वेगळा ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

जोतीरावांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. गरीब शेतकऱ्याचं पोर शाळेत गेलं की घरात काम करणारे दोन हात कमी होतात. गुरांमागं कोण जाणार? म्हणून नुसती शाळा काढून भागत नाही, पोरगं शाळेत येईल असं काहीतरी हातात द्यावं लागतं. आज हे आपल्याला पोरींच्या बाबतीत दिसतं. पोरगी कॉलेजला गेली की धाकट्यांना कोण सांभाळणार, खुरपणीला कोण येणार. हा चौथा खर्च. कुठल्याही फॉर्मवर त्याला रकाना नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावाकडं जाऊ. मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकरी घरातला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९०६ साली आपल्या सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. याच महाराजांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली.

पुढची हकिगत नीट ऐका, कारण शिक्षणाचा पैसा कसा जमवावा लागतो, ते तिच्यात सगळं आहे. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्यानं तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड कबूल केले आणि बदल्यात करार लिहून घेतला, की शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. मदत होती, पण अटीची होती. अमेरिकेचं शिक्षण करून ते लंडनला गेले, तिथलं शिक्षण अर्धवट असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली परत यावं लागलं. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर गेले, पण एवढ्या शिकलेल्या माणसाला जातीमुळं त्या शहरात राहायला खोली मिळेना. थोड्याच दिवसांत नोकरी सोडावी लागली.

लंडनचं अपुरं शिक्षण मग त्यांनी कसं पुरं केलं? मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. तरीही कमी पडले ते नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्जाऊ घेतले. ते कर्ज ५ हजार रुपयांचं होतं. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि शिक्षण पुरं करूनच आले. क्रम लक्षात घ्या. आधी शिष्यवृत्ती, मग स्वतःची कमाई, मग मदत, आणि सगळ्यात शेवटी कर्ज, तेही जेवढं कमी पडलं तेवढंच. आपण पुष्कळदा उलट करतो. आधी हातउसने घेतो किंवा सावकाराकडं जातो, आणि शिष्यवृत्तीची तारीख निघून गेल्यावर ती होती असं कळतं.

या सगळ्या वर्षांत मुंबईतलं घर कोणी चालवलं? रमाबाईंनी. नवरा परदेशात शिकत असताना त्यांनी चणचणीत संसार केला, लेकराच्या मरणाचं दुःखही सोसलं. बडोद्याच्या करारावर त्यांचं नाव नव्हतं. पण त्या शिक्षणाचा मोठा वाटा त्यांनीच भरला, असं मी म्हणते.

आता दुसऱ्या खर्चाकडं येऊ, राहण्या-जेवणाच्या. खेड्यातल्या मुलाला शहरात फीपेक्षा हाच जास्त अडवतो. शाहू महाराजांना हे कळलं होतं. त्यांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्यानंतर तिथं जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी, अशी एकामागून एक वसतिगृहं निघाली. गावाकडच्या मुलाला शहरात भाकरी आणि अंथरूण मिळालं, की तो शाळेत टिकला.

नाशिकलाही तेच घडलं. १९१४ साली सत्यशोधक विचारांच्या माणसांनी नाशिक जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था काढली. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे ही नावं आपण कॉलेजच्या पाट्यांवर वाचतो. ही माणसं शेतकऱ्यांच्या मुलांसाठी धडपडली, म्हणून त्यांच्या नावामागं कर्मवीर लागतं. नाशिकच्या उदाजी मराठा बोर्डिंगची कोनशिला १९२० सालच्या एप्रिल महिन्यात खुद्द शाहू महाराजांच्या हातून बसली. आज निफाड-पिंपळगावला कॉलेजं आहेत, त्यांच्या आधी ही बोर्डिंगं होती. आधी मुलाच्या पोटाची सोय झाली, कॉलेज गावाजवळ यायला पुढं बरीच वर्षं गेली.

बोर्डिंग म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घ्यावंच लागतं. १९१९ साली त्यांनी कराड तालुक्यात काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग सुरू केलं. सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचं. गावोगाव फिरून धान्य जमवायचं आणि त्यावर चुली पेटवायच्या. त्या चुलीपुढं लक्ष्मीबाई होत्या, भाऊरावांची पत्नी. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या वारल्या. त्या काळात बाईनं मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भाऊरावांनी आणखी एक वाट काढली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तिथं मुलं शेतात आणि बांधकामावर काम करून शिकू लागली. यालाच कमवा आणि शिका म्हणतात. आज आपल्या पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतही त्यांच्याच नावानं ही योजना चालते. ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत दिवसाचे काही तास काम आणि त्याचे पैसे. कष्ट करून शिकण्यात लाज नाही, हे भाऊरावांनी महाराष्ट्राला पटवलं.

तुम्ही म्हणाल, ताई, ही सगळी मुलांचीच बोर्डिंगं झाली, पोरींचं काय? पोरींचा पैसा सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कष्टानं आला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवा मुलींसाठी आश्रम काढला, पुढं तो हिंगण्याला गेला. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० साली ठाकरसी कुटुंबाकडून १५ लाखांची देणगी मिळाली, तिच्यावरून विद्यापीठाला आजचं नाव मिळालं, एस. एन. डी. टी. पण त्या आधीची वर्षं रुपया-दोन रुपये गोळा करण्यात गेली. हिंगण्याच्या संस्थेनं भाऊबीज फंड काढला. भाऊबिजेची ओवाळणी म्हणून लोकांनी शिकणाऱ्या बहिणींसाठी थोडे पैसे द्यायचे आणि ते घरोघर जाऊन जमवायचे.

याच कामात पार्वतीबाई आठवले होत्या. कोकणातल्या, तरुणपणी विधवा झालेल्या, उशिरा लिहायला-वाचायला शिकलेल्या. आश्रमासाठी त्या गावोगाव भाषणं करत, वर्गणी मागत हिंडल्या. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी नीट येत नव्हतं. तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवून आणले. मागणं वाईट दिसतं म्हणून आपण तलाठ्याच्या किंवा कॉलेजच्या कारकुनाच्या टेबलापुढं गप्प उभ्या राहतो. पार्वतीबाईंनी दुसऱ्यांच्या मुलींसाठी परक्या देशात जाऊन मागितलं.

मग सरकारनं काय केलं? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते, तेव्हा त्यांनी अस्पृश्य समाजाच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दिल्ली सरकारकडून पैसे मंजूर करून घेतले. १९४४ पासून ती शिष्यवृत्ती सुरू झाली, पुढं आदिवासी विद्यार्थ्यांनाही मिळू लागली. आजही आपण तिला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो. १९५९ च्या सुमारास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना जात न बघता फी माफ झाली. तिलाच लोक 'ई.बी.सी.' म्हणत. तुमच्यापैकी कित्येकींचे वडील, सासरे त्या ई.बी.सी.वर शिकले असतील, घरी गेल्यावर विचारा. मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत झालं ते १९८० नंतरच्या काळात. शाळेत जाणाऱ्या मुलीला एस.टी.चा मोफत पास मिळू लागला तो अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून.

आणि ८ जुलै २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं आणखी एक निर्णय काढला. इंजिनीअरिंग, फार्मसी, मेडिकल, कृषी अशा व्यावसायिक कोर्सला सरकारी प्रवेश फेरीतून प्रवेश घेणाऱ्या मुलीची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. ओबीसी, मराठा म्हणजे एसईबीसी, आणि ईडब्ल्यूएस या गटांतल्या मुलींना आधी निम्मी सवलत होती, ती पूर्ण झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी आधीपासून वेगळ्या योजना आहेतच.

आता सुरुवातीचा हिशोब काढा. या निर्णयानं पहिला खर्च, फीचा, मोठ्या प्रमाणात उतरला. पण दुसरा आणि तिसरा तसाच आहे. म्हणून "पोरींचं आता सगळं फुकट झालं" असं कोणी म्हणालं तर अर्धंच खरं माना. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही माफी नाही. विकास फी, अनामत रक्कम, होस्टेल, मेस यांचे पैसे वेगळे. हे माहीत नसलं की ऐन प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या खिडकीपुढं घाम फुटतो आणि पोरगी परत येते.

राहण्या-जेवणाच्या खर्चालाही योजना आहेत, पण त्या वेगवेगळ्या खात्यांच्या आहेत. समाजकल्याणची आणि आदिवासी विभागाची सरकारी वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम, इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजाच्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. या तिन्हींत राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. शेतकरी आणि मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अटी आणि रकमा बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचा नियम कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारायचा. फी माफीचे आणि शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन भरायचे असतात. आणि अर्ज एकदा भरून होत नाही, दरवर्षी नव्यानं करावा लागतो. दुसऱ्या वर्षी विसरल्यामुळं शिष्यवृत्ती तुटली, असं होऊ देऊ नका.

सगळ्यात जास्त अडतं ते कागदांपाशी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर, रहिवासी दाखला, आणि मुलीच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खातं. हे दाखले निकालानंतर काढायला गेलात तर सेतू केंद्रावर रांग असते. मुलगी बारावीला गेली की दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मात्र बघून घ्या.

एवढं करूनही कमी पडलं तर कर्ज. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हप्ते कोर्स संपल्यावर काही काळानं सुरू होतात. आपल्या गटाचं कर्ज शेकडा २ रुपये महिना असलं तर वर्षाला २४ टक्के झाले. गटाचा पैसा होस्टेलच्या अनामतीला, पहिल्या महिन्याच्या मेसला वापरा, शिष्यवृत्ती आली की परत करा. चार वर्षांची फी गटाच्या कर्जावर काढू नका. आणि गटानं ठरवलं तर मुलींच्या शिक्षणाच्या कर्जाला व्याज कमी लावता येतं. तो ठराव करायला कोणाची परवानगी लागत नाही.

मैत्रिणींनो, दक्षिणेपासून २०२४ च्या निर्णयापर्यंत बघितलंत, तर यातला एकही पैसा आपोआप आला नाही. कोणीतरी अर्ज केला, कोणीतरी दारोदार हिंडलं, कोणाचं तरी मंगळसूत्र गेलं, तेव्हा पुढच्या मुलांची सोय झाली. ती सोय आज कागदावर आहे. आपल्या पोरीपर्यंत ती आणण्याचं काम उरलं आहे, आणि ते एकटीपेक्षा गटानं चांगलं होतं.

पुढच्या बैठकीत एक करा. बचतीच्या वहीचं मागचं पान उघडा. गटातल्या कोणाकोणाची मुलगी यंदा अकरावी-बारावीला आहे, त्यांची नावं लिहा. प्रत्येकीपुढं चार रकाने करा: फी, राहणं-जेवण, प्रवास-पुस्तकं, आणि घरातलं तिचं काम कोण करणार. पहिल्या तीन रकान्यांत योजनेचं नाव आणि कोणते दाखले बाकी आहेत, ते लिहा. चौथा रकाना सरकार भरणार नाही. तो त्या घरातल्या माणसांनी बसून भरायचा आहे, आणि त्यात भावाचं नाव आलं तरी चालेल.